नानथानच्या लशीची चोरी

नर्स शा फोनवर आधी रडली आणि मग बोलली.

"रुईफांग, पेटी नाहीये. अगं, हजवाल्यांच्या लशीची पेटी! फ्रिजमधून गेली."

"नीट बघितलंस?"

"फ्रिजात डोकं घालून बघितलं. आता काय आत जाऊन बसू?"

मिन रुईफांग नानथानच्या पोलीस चौकीची प्रमुख होती. झाकणाच्या कपात चहाची पत्ती, खजूर आणि खडीसाखर टाकून तिने नुकतंच गरम पाणी ओतलं होतं. चहा तसाच ठेवून ती उठली. जीपच्या डाव्या दारातून स्टिअरिंगमागे बसली, डाव्या खांद्यावरून पट्टा ओढून लावला आणि निघाली.

एरवी नानथानात चोरी म्हणजे कोंबडी, फार तर मेंढी. पण ही पेटी गेली म्हणजे गावातल्या यात्रेकरूंची मक्का गेली. मेंदूज्वराची लस टोचल्याशिवाय कुणाला विमानात घेत नाहीत, आणि टोचल्यावर तिथं पोहोचेपर्यंत दहा दिवस जावे लागतात. आजचा दिवस शेवटचा होता. लान्चौ शहरातून दुसरी लस यायला पुढचा आठवडा उजाडणार, आणि विमान काही नानथानसाठी थांबणार नव्हतं.

त्या यात्रेकरूंत रुईफांगची आई होती. गुडघे गेलेले, साखर वाढलेली, श्वास अपुरा. या वर्षी डॉक्टरने तिला कशीबशी पास केली होती, तीही "पुढच्या वर्षी माझ्या दारात येऊ नका" असं बजावून.

आरोग्य केंद्राच्या मागच्या खोलीत नर्स शा डोळे पुसत उभी होती. दोघी एका बाकावर शिकलेल्या.

"कुलूप?"

"शाबूत."

"किल्ली कुठं असते?"

"खिडकीतल्या कुंडीखाली."

"कुणाकुणाला माहीत आहे?"

"कुंडी सोडून सगळ्यांना," शा म्हणाली आणि पुन्हा रडायला लागली. "माझी नोकरी गेली गं. आणि या म्हाताऱ्यांना मी काय तोंड दाखवू?"

मागच्या गल्लीतला कॅमेरा गटार खोदताना वायर तुटल्यापासून आंधळाच होता. रुईफांगने फ्रिज उघडला. लहान मुलांच्या लशी जागच्या जागी होत्या. मधल्या कप्प्यातली एक जागा तेवढी रिकामी.

"आणखी काय गेलं?"

"वरच्या बर्फाच्या पिशव्या. पेटीत घालायच्या असतात त्या."

"लस बाहेर किती टिकते?"

"तापली की मेली, गोठली की मेली. नुसत्या गारव्यात राहिली तर उद्यापर्यंतही काही होत नाही. पण गारवा ठेवतोय कोण? चोर?"

रुईफांगने फ्रिज बंद केला. "काल इथं कोण कोण आलं होतं?"

"नेहमीचे खोकलेकरी. आणि तुझे यूसू काका."

"कशाला?"

"खौहुआन मागायला."

त्यात नवल काहीच नव्हतं. हजला निघालेला माणूस घरोघर जाऊन खौहुआन मागतो. माझ्या हातून तुझं काही वाईट झालं असेल तर सोडून दे, म्हणतो. समोरचा "दिली" म्हणतो, चहा पाजतो आणि निरोप देतो. न मागितलेल्या माफीचं ओझं घेऊन काब्यापुढे उभं राहायचं नसतं. त्या आठवड्यात गावातल्या प्रत्येक उंबऱ्यावर कुणी ना कुणी पांढरी टोपी हातात धरून उभा होता.

"मी म्हटलं, काका, तपासणीला आलात तेव्हाच दिली की," शा सांगत होती. "तर म्हणाले, पुन्हा दे पोरी. म्हटलं घ्या, माझं काय जातंय."

"तपासणीत काही निघालं का त्यांच्या?"

"छे, घोड्यासारखी तब्येत. फक्त म्हणाले, सुई उजव्या हाताला टोच. डावीकडचं हंसळीचं, गळ्याखालचं हाड मोडून वाकडं जुळलंय ना त्यांचं, हात जड झाला की ठणकतं. सदरा काढला तर खांद्यावरून छातीपर्यंत तिरका वण, अजून जसाच्या तसा. त्या अपघातातला."

"बरं," रुईफांग म्हणाली आणि विषय बदलला.

अपघात म्हटलं की ती विषय बदलायची. लहानपणापासूनची सवय. ती शाळेत असताना तिचे वडील, धाकटे यूसू काका आणि गावातला जिन खाटीक लोकर भरलेला ट्रक घेऊन डोंगरातून परत येत होते. ट्रक दरीत गेला. वडील गेले, जिन गेला, यूसू काका वाचले. दवाखान्यात शुद्धीवर आल्यावर काकांनी सांगितलं, दादा चालवत होता, दादाला झोप लागली. तेव्हापासून मिनचं घर म्हणजे जिनचा जीव घेणारं घर. रुईफांगने शाळेत वडिलांचं नाव सांगायचं टाळलं, पोलिसात आल्यावरही टाळलं. तिला बापाची लाज वाटायची. आणि अशी लाज वाटते याचीही लाज वाटायची.

केंद्राच्या अंगणात यात्रेकरू जमले होते. बाह्या वर करून आलेले, आता खाली करून बसलेले. बातमी तिच्या आधी पोहोचली होती.

सगळ्यांत मोठा आवाज डिंग आजोबांचा. कबरस्तानाच्या फाटकाशी राहणारा हा म्हातारा लस आली तेव्हापासून तिच्यावर खार खाऊन होता. तिच्यात डुकराचं काही असेल, असा त्याला संशय. आहोंगने, म्हणजे मशिदीच्या इमामाने, स्वतः कागद वाचून "हलाल आहे" सांगितलं, तरी आजोबांचं समाधान नव्हतं.

"आजोबा, परवा तुम्ही मशिदीत म्हणालात की ही लस नाल्यात ओतली पाहिजे."

"म्हणालो. मग? परवा मी असंही म्हणालो की सुनेला माहेरी धाडली पाहिजे. गेली का ती?"

"काल संध्याकाळी कुठं होतात?"

"घरी. सुनेच्या शिव्या खात. विचार तिला, आनंदानं सांगेल." मग आजोबांचा आवाज अचानक बारीक झाला. "पोरी, लस हराम असती तरी मी डोळे मिटून टोचून घेतली असती. या वयात दुसरी संधी कोण देतंय? मी कशाला चोरू?"

"काल कुणाला काही वेगळं वागताना पाहिलंत?"

"वेगळं? तुझा काका आला होता. माफी मागायला. दुसऱ्यांदा! म्हटलं, यूसू, एकदा दिलेली आटली का रे? तर हसला नाही. जाताना तुझ्या बापाच्या कबरीपाशी बसला. बराच वेळ. मी गुरांना पाणी दाखवून आलो तरी बसलेलाच."

"आणि बाकीचे?"

"बाकीच्यांकडेही गेला असेल. इथल्या सगळ्यांकडे गेला, विचार हवं तर." बाकावरच्या दोघा-तिघांनी मान हलवली. हो, काल यूसू येऊन गेला. हो, दुसऱ्यांदाच.

यूसू काका भिंतीला टेकून बसले होते. शांत. गावात त्यांचं दह्याचं दुकान होतं. वाडग्यात घट्ट लावलेलं, वर साय आलेलं दही. माणूसही तसाच, कुणाला न दुखावणारा. वडील गेल्यावर रुईफांगला सायकलवर पुढे बसवून शाळेत सोडणारा काकाच होता. आईच्या घराला लागूनच त्यांचं दुकान, मधे एक भिंत.

"काका, तुम्हाला काय वाटतं? कुणी नेली असेल?"

"अल्लाला माहीत." त्यांनी तिच्याकडे पाहिलं नाही. "जे झालं ते झालं. कुणाच्या मागे लागू नकोस, पोरी. पुढच्या वर्षी जाऊ सगळे. काय वहिनी, एका वर्षानं काय होतं?"

आई बाकाच्या टोकाला बसली होती. पांढऱ्या ओढणीत तिचा चेहरा आणखी लहान दिसत होता.

"एका वर्षानं मी असते का?" ती म्हणाली. "आणि असले तरी डॉक्टर सोडतोय का? यूसू, तू जा पुढच्या वर्षी. तुझं काही अडलेलं नाही. मला तुझ्या दादासाठी माफी मागायचीय तिथं." ती लेकीकडे वळली. "जिनचा जीव गेला त्याच्या हातून. ते घेऊन तो तसाच पडलाय मातीत. काब्याला हात लावून मागितलं तर अल्ला ऐकेल, एवढ्याच आशेवर मी हे गुडघे ओढत आणलेत."

काकांनी टोपी काढली, झटकली, पुन्हा घातली. रुईफांगने आईच्या खांद्यावर हात ठेवला.

"आई, काका काल तुझ्याकडेही आले होते का? माफी मागायला?"

"आला होता. ओट्यावर बसला. चहा ओतला तर घेतला नाही. काहीतरी बोलेल बोलेल असं वाटलं, तर उठून गेला. माफीचं काही काढलंच नाही."

"कुणाशी भांडण झालंय तुझं अलीकडे?"

"मी कुणाशी भांडते? जिन शेंगवू भांडतो. परवा मशिदीच्या दारात सगळ्यांसमोर म्हणाला, जीव घेणाऱ्याची बायको मक्केला चाललीय, बघतो कशी जाते." आईने ओढणी सारखी केली. "त्याचा बाप गेला. बोलणारच."

जिन शेंगवू म्हणजे त्या मेलेल्या खाटकाचा मुलगा. आता दुकान त्याचं. रुईफांग आत शिरली तेव्हा तो मेंढीची मांडी तोडत होता. त्याने सुरा थांबवला नाही.

"मांस हवंय? तुमच्या घराला मी विकत नाही, माहितीय ना?"

"लशीची पेटी हवीय."

"अरे वा. म्हणजे मीच चोर. वर्दीतली आणि बिनवर्दीतली, मिनची माणसं सारखीच. चूक करायची आपण आणि भोगायचं दुसऱ्यानं."

"तू बोललास की नाही, बघतो कशी जाते म्हणून?"

"बोललो. बोलायची चोरी आहे का?" त्याने सुरा ठोकळ्यात रुतवला. "घे, उघड फ्रीझर. बघ आत."

रुईफांगने झाकण उचललं. गोठलेल्या धडांवरून पांढरी वाफ आली. तिने कप्पे उपसले. मेंढ्या, चरबी, पाय. पेटी नव्हती. इथं ठेवली असती तर लस तासाभरात दगड झाली असती.

"झालं समाधान?" जिन म्हणाला. "काय चाललंय तुमच्या घराचं तरी! काल तुझा काका येऊन रडला, आज तू येऊन झडती घेतेस."

ती वळली. "काका इथं आले होते?"

"आले होते. बाप गेल्यापासून हा माणूस या दारासमोरून मान खाली घालून जायचा. काल आत आला. टोपी हातात. म्हणाला, शेंगवू, माफ कर. आणि हमसून हमसून रडला. गिऱ्हाईकं बघत होती. मलाच ओशाळं वाटलं. म्हटलं, काका, तुम्ही कशाला रडता? गाडी काय तुम्ही चालवत होता?"

"मग?"

"मग काय? तोंड झाकून निघून गेले."

रुईफांग बाहेर येऊन जीपमध्ये बसली. काल दुपारी काका तिच्याकडेही आले होते, चौकीत. बरोबर तळलेल्या गोड भाकऱ्या. तिला वर पाठवायचा अहवाल होता. "पोरी, माझ्या हातून तुझं काही..." एवढं ते बोलले आणि तिने कळफलकावरचा हात न काढता "दिली, काका, दिली" म्हणून टाकलं होतं. ते थोडा वेळ तसेच उभे राहिले होते. तिला आता ते आठवून वाईट वाटलं.

तिने पट्टा ओढला. खटका लावता लावता तिचा हात थांबला. तिने स्वतःच्या डाव्या खांद्याकडे पाहिलं. मग शेजारच्या रिकाम्या सीटकडे, तिथल्या पट्ट्याकडे. कामात तिने कितीतरी अपघात पाहिले होते, कितीतरी छात्यांवरचे वण पाहिले होते. हा एकच वण तिने कधी बघायला मागितला नव्हता.

मग तिने नर्स शाला फोन लावला. "तापमापक घे आणि यूसू काकांच्या दुकानात ये. आईलाही घेऊन ये. काकांनाही."

"काकांच्या? का?"

"ये तू."

जिन दुकानाच्या पायरीवर उभा राहून ऐकत होता. त्याने रक्ताळलेला एप्रन सोडला. "मीही येतो. सगळ्यांदेखत मला चोर ठरवायला आलीस, आता खरा चोर सगळ्यांदेखत दाखव."

"ये," रुईफांग म्हणाली. "तू असलेलाच बरा."

दह्याच्या दुकानात एक लांबट काचेचं गार कपाट होतं. त्यात ओळीने वाडगी. काका कपाटाच्या पाठीमागे जाऊन उभे राहिले, जसे रोज गिऱ्हाइकासमोर उभे राहायचे. आईला शाने स्टुलावर बसवलं. जिन दारातच थांबला.

"काका, खालचा कप्पा उघडता की मी उघडू?"

काका एक पाऊल मागे सरले. रुईफांग वाकली. खालच्या कप्प्यातली दह्याची वाडगी तिने एकेक करून बाजूला केली. मागे निळी पेटी होती.

शाने झडप घातली. झाकण उघडून तापमापक लावला, कुप्या उजेडात धरून पाहिल्या, बर्फाच्या पिशव्या चाचपल्या. "चांगली आहे!" ती ओरडली. "गं बाई, सगळी चांगली आहे! टोचता येईल!"

आईचं पेटीकडे लक्ष नव्हतं. ती दिराकडे बघत होती.

"यूसू? तू?" तिला खरंच कळत नव्हतं. "तुझंही नाव होतं की यादीत. स्वतःच्या हजवर कुणी पाणी सोडतं का?"

"मलाही तेच वाटलं, आई," रुईफांग म्हणाली. "म्हणून आधी यात्रेकरूंवर माझा संशय गेला नाही. डिंग आजोबा तोंडाने फटकळ, पण ते जाण्यासाठी तडफडतायत. शेंगवूला राग आहे, पण राग असलेला माणूस पेटी फोडतो. या चोरानं पेटीबरोबर बर्फाच्या पिशव्याही नेल्या. त्याला लस जगवायची होती. कुणाचा माल नासू नये, एवढी त्याला काळजी. आणि ठेवणार कुठं? शेंगवूच्या फ्रीझरमध्ये ती गोठली असती. घरच्या फ्रिजमध्ये बायको, सून, कुणीतरी बघणार. गोठत नाही, तापत नाही आणि मालकाशिवाय कुणी हात घालत नाही, असा गारवा नानथानात दोनच ठिकाणी आहे. एक आरोग्य केंद्रात. दुसरा इथं."

"नुसत्या दह्याच्या कपाटावरून?" जिन म्हणाला.

"नाही. माफीवरून." ती जिनकडे वळली. "काका गेल्या आठवड्यात सगळ्या गावाकडून माफी घेऊन आले होते. काल पुन्हा निघाले. पण सगळ्या गावाकडे नाही. ते गेले शाकडे, डिंग आजोबांकडे आणि बाकीच्या यात्रेकरूंकडे. म्हणजे ज्यांचं आज नुकसान होणार होतं, नेमकं त्यांच्याचकडे. चोरी करायच्या आधी ते चोरीची माफी मागत फिरत होते. दुसऱ्या कुठल्या चोरानं असं केलं नसतं. आपल्यातलाच माणूस असं करेल. देणं शिल्लक ठेवून मरायचं नाही, हे आपल्याला पाळण्यात असतानाच शिकवतात."

काका बाजूला काढलेली वाडगी ओळीत लावायला लागले.

"पण मग एक हिशेब जुळेना," ती पुढे म्हणाली. "ते शेंगवूकडे गेले. शेंगवू हजला चाललेला नाही, त्याचं चोरीत काही जात नाही. ते माझ्याकडे आले. माझंही जात नव्हतं. ते बाबांच्या कबरीवर बसले. आणि ज्या माणसाचं सगळ्यात जास्त जाणार होतं, त्या आईकडे गेले, तर चहासुद्धा न घेता उठून आले. माफी मागायची त्यांची हिंमत झाली नाही. शेंगवू, मी, आई आणि बाबांची कबर. आम्हा चौघांत एकच गोष्ट समान आहे."

"ट्रक," जिन हळूच म्हणाला.

"काकांचं डावीकडचं हंसळीचं हाड मोडलेलं आहे. डाव्या खांद्यावरून छातीवर तिरका वण आहे. पट्ट्याचा वण. आपल्या गाड्यांत डाव्या खांद्यावरून पट्टा कुणाच्या येतो? जो स्टिअरिंगमागे बसतो त्याच्या. उजव्या दाराशी बसणाऱ्याच्या उजव्या खांद्यावर येतो, मधल्याला नसतोच." ती काकांकडे वळली. "बाबा चालवत नव्हते. तुम्ही चालवत होता, काका. ज्याच्या अंगावर पट्टा होता तो वाचला."

शाने पेटीचं झाकण लावलं.

"दादा म्हणाला होता, थांब, तुझे डोळे मिटतायत," काका म्हणाले. ते कुणाशीच बोलत नव्हते, समोरच्या वाडग्यांशी बोलत होते. "मी म्हटलं, घाट उतरला की थांबू. शुद्धीवर आलो तेव्हा पोलीस विचारत होते, चालवत कोण होतं. दोघं गेल्याचं मला कळलं होतं. तोंडातून दादाचं नाव निघालं. वाटलं, मेलेल्याला काय फरक पडतो? मग तुम्हा दोघींकडे लोक कसे बघतात ते दिसायला लागलं. रोज वाटायचं, आज सांगू. रोज सायकलवर पोरीला बसवून नेताना वाटायचं."

"मग लस का नेलीस?" आईने विचारलं. "मला का अडवलंस?"

"वहिनी, तुम्ही तिथं जाऊन दादासाठी माफी मागणार होता. अल्लाच्या घरात. माझ्या पापाची, दादाच्या नावानं. मला ते सहन होईना. वाटलं, एक वर्ष मिळालं तर मी सांगेन. नक्की सांगेन."

"आणि त्या वर्षात मी मेले असते तर?"

एकदा सांगायचं टाळलं की माणूस टाळतच जातो, हे त्या दुकानात उभ्या असलेल्या प्रत्येकाला ठाऊक होतं.

जिन शेंगवू दारातून आत आला. काकांकडे त्याने पाहिलंच नाही. आईच्या स्टुलापुढे येऊन तो उभा राहिला. दोन्ही हातांनी त्याने टोपी काढली.

"जा, पोरा," आई म्हणाली. "तुला कुठं माहीत होतं."

काका कपाटामागून बाहेर आले आणि गुडघ्यांवर बसले. "वहिनी, माझ्या हातून तुमचं..."

"नाव घेऊन माग. काय केलंस ते म्हण."

त्यांनी म्हटलं. भावाला मारलं, जिनला मारलं, खोटं बोललो, मेलेल्या भावावर ढकललं, तुम्हाला आणि पोरीला मान खाली घालून जगायला लावलं, आज तुमची मक्का चोरली. रडत रडत, पण एकही गोष्ट गाळली नाही.

आईने त्यांना उठवलं नाही.

"नाही," ती म्हणाली. "आज माझ्यानं होत नाही, यूसू."

रुईफांगने काकांना चौकीत नेऊन बसवलं. तक्रार लिहायला तिने वरच्या ठाण्यातून दुसरा अधिकारी मागवला. आपल्या हाताने तिला ते लिहवेना. काकांनी एकच विचारलं, वहिनींना टोचली का? ती दार ओढून बाहेर पडली.

केंद्रात रांग लागली होती. डिंग आजोबा "बिस्मिल्ला" म्हणून डोळे गच्च मिटून बसले होते, सुई अजून शाच्या हातातही नव्हती. आई भिंतीशी उभी होती. रुईफांग तिच्याजवळ गेली.

"रुईफांग," आई हलक्या आवाजात म्हणाली, "मी तुझ्या बापाला दोष देत राहिले. त्याच्या कबरीवर जायचे तेव्हाही मनात दोषच घेऊन जायचे. तोंडानं दुवा म्हणायचे आणि मनात म्हणायचे, झोप आवरली नाही का तुला? आता निघायच्या आधी त्याची माफी नको का मागायला? मेलेला माणूस देत नाही. त्याचा वारस देतो. तू दे."

गावात "दिली" हा शब्द किती सहज फेकतात. काल रुईफांगनेही फेकला होता.

"मी कशी देऊ, आई? मी शाळेत त्यांचं नाव सांगायचे नाही. कुणी विचारलं तर म्हणायचे, मला वडील नाहीत. मेलेत असं नाही म्हणायचे. नाहीत म्हणायचे." तिला रडू फुटलं, वर्दीत, सगळ्यांसमोर. "त्यांच्या वतीनं माफी द्यायचा हक्क माझ्याकडे नाही."

आईने तिच्याकडे पाहिलं. समजावलं नाही, डोक्यावरून हात फिरवला नाही.

"मग आपण दोघीही तशाच," ती म्हणाली.

आतून शाने नाव पुकारलं. आईने भिंतीला धरून गुडघे सरळ केले आणि बाही वर सारायला लागली.

"जाऊ दे. तिथं तुझ्या बापासाठी माफी मागायची होती, आता त्याच्याकडेच मागते," ती म्हणाली. "तुझ्या वाटचंही मागते. मिळेल की नाही ते मला माहीत नाही."

आणि ती आत गेली.